दक्षता खात्यातल्या साहेबांची बाग

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टी कराव्याच लागतात. क्वार्टर रिकामं करणं आणि परदेशी जाऊन येणं. पहिल्या गोष्टीसाठी सरकार नोटीस काढतं, दुसरीसाठी शेजारीपाजारी. सेंड-ऑफची शाल खांद्यावर पडते न पडते तोच कोणीतरी विचारतं, "मग, आता कुठे?" याला 'बदलापूर' हे उत्तर चालत नाही. "बदलापूर तर झालंच हो. फिरायला कुठे?"

दुबई-सिंगापूर सेक्टर सातमध्ये आता कोणी हिशेबात धरत नाही. तिथे हल्ली पोरं हनिमूनला जाऊन येतात. युरोप निम्म्या लोकांचा झालेला, आणि उरलेल्या निम्म्यांनी तो शेजाऱ्यांच्या फोटोंतून इतक्यांदा पाहिलेला की जाण्याची गरजच उरलेली नाही. राहिला चीन. तो कोणाचाच झाला नव्हता.

हरकती अर्थातच आल्या. "तिकडे साप खातात," एक काकू म्हणाल्या. "खाऊ देत. आपल्याला आग्रह करणार आहेत का?" दुसऱ्या म्हणाल्या. कस्टम्समधून निवृत्त झालेल्या भाऊंनी बासष्टच्या युद्धाचा विषय काढला आणि आपण त्यांना पैसा का द्यायचा, असं विचारलं. विचारताना त्यांच्या हातात जो मोबाइल होता तो कुठे बनला हे त्यांना कोणी सांगितलं नाही. वसाहतीत अजून तेवढं सौजन्य आहे. शेवटी मूळच्या सोलापूरच्या एका काकांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतलं आणि वाद मिटला. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला, आणि परळच्या राजकमलने १९४६ मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला. "आपल्या माणसाचं तिकडे स्मारक आहे म्हटल्यावर," काका म्हणाले, "आपण म्हणजे एका अर्थी घरचेच." स्मारक सहलीतल्या सूचौपासून कित्येक तास दूर, श्रीच्याच्वांगला आहे, ही बाब काकांनी गौण मानली.

व्हिसाच्या कागदांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज 'अपूर्ण' शेरा मारून परत पाठवले, त्यांचे अर्ज अपूर्ण असणं शक्यच नव्हतं. एका काकांनी पासपोर्टच्या फोटोलासुद्धा साक्षांकित प्रत जोडली होती.

खरं संकट निघायच्या आदल्या आठवड्यात उघडकीला आलं. पुण्याच्या एका चिरंजिवांनी फोनवर सहज सांगितलं, "बाबा, तिकडे व्हॉट्सॲप चालत नाही हां. २०१७ पासून बंद आहे."

वसाहतीवर शोककळा पसरली. साप, युद्ध, काड्यांनी जेवणं हे सगळं सोसता आलं असतं, पण ग्रुपवर फोटो टाकता येणार नसेल तर जायचं कशाला? एका काकूंनी पैसे परत मिळतात का याची चौकशीसुद्धा केली. मग त्याच चिरंजिवांनी खुलासा केला, की भारतातूनच आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेऊन गेलं तर चालतं. पॅकची किंमत ऐकून सर्वांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण कशाला घ्यायचा, कोणीतरी घेईलच, हा विचार एकाच वेळी सगळ्यांच्या मनात आला. त्यामुळे प्रत्यक्षात तो पॅक एकट्या ऑडिटमधून निवृत्त झालेल्या ताईंकडे निघाला. तोही त्यांच्या मुलीने न विचारता घेऊन दिला म्हणून. शांघायच्या विमानतळावर ताईंचा फोन टुंग करून वाजला आणि त्या क्षणापासून टूरची सूत्रं त्यांच्या हाती गेली. टूर मॅनेजर नावापुरता राहिला. माणशी दिवसाला एक फोटो, व्हिडिओ नाही, 'सुप्रभात' अजिबात नाही, असे हॉटस्पॉटचे नियम त्यांनी पहिल्याच रात्री जाहीर केले. शिस्तीचं त्यांना वावडं नव्हतं, लोकांच्या टी.ए. बिलांवर त्यांनी उभा जन्म हरकती काढल्या होत्या.

कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या दिवसासमोर लिहिलं होतं: 'बुलेट ट्रेनने सूचौ. जगप्रसिद्ध उद्यान, जुना बाजार, रेशीम केंद्र, प्राचीन मनोरा (बाहेरून). मुक्काम शांघाय.' मराठी सहलींच्या पत्रकात 'बाहेरून' हा शब्द नेहमी कंसात असतो आणि पैसे भरून झाल्यावरच दिसतो.

सूचौ हे लहानसहान गाव नाही. इ.स.पू. ५१४ मध्ये वू राज्याच्या हलू राजाने ते वसवलं. मधल्या अडीच हजार वर्षांत राजवटी आल्या, जळाल्या, गेल्या, पण शहर आणि त्यातले कालवे जागचे हलले नाहीत. वर स्वर्ग आणि खाली सूचौ-हांगचौ, असं चिनी लोक म्हणत आले आहेत.

"अडीच हजार वर्षांचं शहर एका दिवसात दाखवणार तुम्ही?" सोलापूरच्या काकांनी बसमध्ये विचारलं.

"एका दिवसात नाही सर," टूर मॅनेजर म्हणाला. "साडेतीनपर्यंत."

शांघायच्या स्टेशनवर पासपोर्ट हेच तिकीट. मराठी माणसाचा पासपोर्ट परदेशात कमरेच्या पट्ट्यात, पट्टा शर्टाखाली, शर्ट स्वेटरखाली आणि स्वेटर जाकिटाखाली असतो. प्रत्येकाने फाटकासमोर उभं राहून हे उत्खनन केलं. मागे चिनी रांग वाढत गेली. ती रांग काही बोलली नाही. दादरच्या पुलावर असं कोणी केलं असतं तर त्याला मराठीची सगळी समृद्धी ऐकायला मिळाली असती.

पुढे सामानाची तपासणी. मशीनमधून टपाल खात्यातल्या काकांची पिशवी गेली आणि शिट्टी वाजली. पिशवीत काकड्या होत्या, आणि काकड्यांबरोबर सुरी. चिनी रेल्वेत सुरी चालत नाही. गणवेशातल्या मुलीने ती हसतमुखाने काढून घेतली.

"पावती?" काकांनी हात पुढे केला.

मुलगी पुन्हा हसली.

"तसं नाही. जप्त केलेल्या मालाची पावती लागते. माल कोणाच्या ताब्यात, तारीख, सही, शिक्का." काकांनी हवेत शिक्का मारून दाखवला. मुलीला वाटलं ते तिचे आभार मानताहेत. तिने मान लववली. काकूंनी काकांना दंडाला धरून ओढलं नसतं तर सूचौ राहिलंच होतं.

शांघाय ते सूचौ अंतर साधारण शंभर किलोमीटर. तेवढंच सीएसएमटी ते कर्जत. कर्जत लोकलला दोन तासांच्या वर लागतात, आणि मंडळींच्या पोटातलं घड्याळ त्याच हिशेबाने लावलेलं. गाडी सुटल्यावर स्वेटर काढायचे, स्थिरस्थावर व्हायचं, अर्ध्या वाटेत थेपले, मग चहा, मग भेंड्या. सीट नंबर आधीच ठरलेला असूनही दोन काकूंनी धावत जाऊन खिडकीशी रुमाल टाकला, ते सोडा. हात वळणीचेच असतात. पण डबा उघडून लोणच्याच्या बाटलीचं बूच फिरवेपर्यंत पडद्यावर तीनशेचा आकडा आला आणि बूच निघेपर्यंत सूचौ. अर्ध्या तासाचा प्रवास! भेंड्या 'म' अक्षरावर अडकल्या त्या तिथेच राहिल्या.

उतरताना मात्र मुंबईने हात दिला. गाडी इथे दोनच मिनिटं थांबते, असं मॅनेजरने म्हणायचा अवकाश, अख्खा ग्रुप दाराशी. कस्टम्सचे भाऊ पुढे उभ्या असलेल्या चिनी गृहस्थांच्या खांद्यावर बोट ठेवून विचारत होते, "उतरना है क्या?" त्या गृहस्थांना हिंदी येत नव्हतं, पण त्या बोटाचा अर्थ कळला. ते बाजूला झाले.

बाहेर पडल्यावर सहलीचं दुसरं गुपित फुटलं. टूर कंपनीने एप्रिलचा पहिला आठवडा निवडला होता, कारण तेव्हा हवा चांगली असते. चीनमध्ये त्याच आठवड्यात छिंगमिंग असतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, झाडलोट करतात, उदबत्त्या लावतात. हे सकाळी आटोपतं. मग सरकारी सुट्टी असते, हवा चांगली असते, आणि अख्खा चीन बागा बघायला निघतो.

छिंगमिंग अँटॉप हिललाही असतो. मुंबईतल्या चिनी लोकांची दफनभूमी अँटॉप हिललाच आहे, आणि शहरात उरलेली थोडी चिनी कुटुंबं एप्रिलच्या सुरुवातीला तिथे येतात. माझगावला नवाब टँक रोडवर त्यांचं कुआन कुंगचं देऊळही आहे. बसने अर्ध्या तासाची वाट, तिकीट नाही, सामानाची तपासणी नाही, काकड्या चालतात. वसाहतीतल्या एकानेही या दोन्ही ठिकाणी कधी पाऊल टाकलेलं नाही. थोडक्यात, त्या सुमारास चिनी माणसं अँटॉप हिलला असतात आणि अँटॉप हिलची माणसं चीनला. दोघांची चुकामूक होते.

उद्यानाच्या फाटकावर टपालातल्या काकांनी सवयीने विचारलं, "सीनियर सिटिझनला काही?" उत्तराची अपेक्षा नव्हती. आपल्या रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, तेव्हापासून हा प्रश्न ते केवळ निषेध म्हणून विचारतात. इथे खिडकीतून चक्क 'आहे' असं उत्तर आलं. वयाचा पुरावा दाखवा म्हणे. त्याबरोबर ज्या दोन काकूंनी महिला मंडळात आपलं वय आजवर कळू दिलं नव्हतं त्यांनी ते पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. एकीने तर दोन वर्षं वाढवून.

हे उद्यान बांधलं एका सरकारी नोकराने. वांग श्येनछन त्याचं नाव; मिंग राजवटीत तो दरबारी निरीक्षक होता, म्हणजे इतर अधिकाऱ्यांच्या भानगडी शोधून बादशहाला कळवणं हे त्याचं काम. अशा माणसाचं जे होतं ते झालं. वरच्या लोकांची मर्जी फिरली, आणि दूर दक्षिणेकडे एका डाकचौकीवर बदली झाली.

"म्हणजे आमच्या खात्यात आला होता की!" टपालातले काका एकदम ताठ झाले. त्यानंतरची सगळी बाग त्यांनी घरच्या कार्याला आल्यासारखी दाखवली.

पुढे वांग नोकरी सोडून गावी परतला आणि १५०९ च्या सुमारास त्याने या बागेला हात घातला. आपण आता साधा माणूस, भाजी पिकवायची, विकायची, झाडांना पाणी घालायचं, एवढाच आपला कारभार, अशा अर्थाचं विनम्र नाव त्याने बागेला दिलं. बाग आज सुमारे १३ एकर आहे.

"तेरा एकर?" ताईंनी हेडफोन काढला. "निरीक्षकाच्या पगारात?"

"प्रॉव्हिडंट फंड असेल," कोणीतरी सुचवलं.

"दक्षता खात्यातला माणूस आहे हो! यानेच दुसऱ्यांच्या चौकश्या केल्या ना?" ताईंनी आजूबाजूच्या तळ्यांकडे, दिवाणखान्यांकडे, कोरीव दगडांकडे अशी नजर फिरवली की वांग हयात असता तर त्याने तिथल्या तिथे खुलासा सादर केला असता. "उत्पन्नाच्या ज्ञात साधनांशी विसंगत," त्या पुटपुटल्या आणि हेडफोन पुन्हा लावला.

काकू भाजी शोधत होत्या. भाजी पिकवायची म्हणाला होता ना? कमळं होती, बांबू होता, वाऱ्यापावसाने भोकं पडलेले चुनखडीचे अगडबंब दगड होते, पण कोथिंबिरीची काडी नव्हती. अँटॉप हिलला तळमजल्यावरच्या माणसाने खिडकीखालच्या तीन फुटांत अळू, कढीपत्ता आणि एक पपई काढून दाखवली असती. "इतकी जागा," एक काकू हळहळल्या, "आणि नुसतं पाणी साठवलंय."

वांगचा मित्र वन चंगमिंग हा त्या काळचा मोठा चित्रकार. त्याने १५३३ मध्ये या बागेतल्या ३१ जागा निवडून त्यांची चित्रं केली, प्रत्येक चित्राला कविता जोडली. ३१ जागा म्हणजे ३१ ठिकाणी बसणं. बाग त्याचसाठी रचली आहे. ओसरी वळते, भिंतीतली जाळीची खिडकी येते, प्रत्येक खिडकीची नक्षी निराळी, आणि तिच्यातून दिसतो तो तळ्याचा तुकडा दोन पावलांवर बदललेला असतो. पूल सरळ बांधलेला नाही, वाकडा बांधला आहे, म्हणजे चालणाऱ्याला घाई करता येऊ नये. एका पंख्याच्या आकाराच्या मंडपात तर खिडकी, टेबल, बाक सगळं पंख्याच्या आकाराचं, आणि त्या मंडपाचं नावच 'कोणासोबत बसू?' असं आहे.

ग्रुपला या बागेसाठी पन्नास मिनिटं होती.

पुढे मॅनेजरचा भगवा झेंडा, कानात त्याचा आवाज: "लेफ्टला बघा, कमळांचा दिवाणखाना, फोटो काढा, पुढे चला, राइटला बघा, मागच्यांनी गॅप ठेवू नका." चारी बाजूंनी असेच लाल, पिवळे, हिरवे झेंडे आणि त्यांच्यामागे सुट्टीवर निघालेला चीन. कस्टम्सच्या भाऊंचं मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं आणि दहा हजारांना अजून बरीच कमी होती. म्हणून त्यांनी त्या वाकड्या पुलावर ये-जा चालू केली. 'कोणासोबत बसू?'पाशी मॅनेजरने नावाचा अर्थ सांगितला. सोलापूरचे काका बायकोकडे न बघता म्हणाले, "एकट्याने." काकू म्हणाल्या, "बसा. हॉटस्पॉट मात्र माझ्या मैत्रिणीकडे आहे."

बागेच्या एका टोकाला उभं राहिलं की तळ्यापलीकडे, झाडांच्या मधोमध, उत्तर मंदिराचा नऊ मजली मनोरा दिसतो. मनोरा ७६ मीटर उंच आहे, बागेत नाही, जवळजवळ एक किलोमीटर दूर शहरात आहे. झाडं आणि तळं अशा बेताने मांडलेत की बाहेरचा मनोरा बागेतलाच वाटावा. चिनी उद्यानकलेत याला उसनं दृश्य म्हणतात.

इथे मात्र ग्रुप थबकला. ही कला त्यांना चांगली परिचयाची होती. "हे तर आमच्याकडे वडाळ्याचे बिल्डर करतात," ताई म्हणाल्या. "समुद्र शिवडीला, व्ह्यू ब्रोशरमध्ये, पैसे आपले." मग वांगच्या आणि मनोऱ्याच्या मधोमध कोणी टॉवर उठवला नाही, हे कसं काय, यावर चर्चा रंगली. चर्चेत एफएसआय आला, हेरिटेज समिती आली, पागडी आली. पन्नासातली बारा मिनिटं एकाच जागी गेली. वन चंगमिंगने हेच अपेक्षिलं असावं, विषय निराळा असेल.

वांग गेल्यावर बागेचं काय झालं, हे मॅनेजर चालता चालता सांगून टाकणार होता, पण पहिल्याच वाक्याला त्याला गराडा पडला. वांगच्या मुलाने ही अख्खी बाग एका रात्रीत जुगारात घालवली.

"एका रात्रीत?"

"एका रात्रीत."

बाकीची सहल ज्यांच्या कानावरून गेली होती त्या सगळ्या काकू आता पुढे होत्या. मुलगा एकुलता होता का? लग्न झालं होतं का? सुनेने अडवलं नाही? वांगने मृत्युपत्र केलं नव्हतं का? टपालातल्या काकांनी जागच्या जागी एक छोटं भाषण दिलं. त्याचा विषय नॉमिनेशन. बचतपत्रं असोत की तेरा एकर बाग, फॉर्म भरलेला असला की ही वेळ येत नाही. दोन काकांनी त्याच रात्री मुलांना फोन करून आपल्या बदलापूरच्या फ्लॅटचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे विचारलं; सांगितलं नाही, विचारलं.

त्यानंतर बागेचे तुकडे पडले, मालक बदलले. एकोणिसाव्या शतकात तायपिंग बंडखोरांचा एक सरदार इथे राहिला. बंड मोडल्यावर तिथे काय आलं? सरकारी ऑफिस! च्यांगसूच्या सुभेदाराची कचेरी. ज्या माणसाने ऑफिसला कंटाळून बाग लावली, त्याच्या कमळांच्या दिवाणखान्याभोवती साडेतीनशे वर्षांनी फायली फिरल्या. हे ऐकून मात्र कोणी हसलं नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. १९५२ मध्ये बाग लोकांना खुली झाली, १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि पन्नास मिनिटं संपली.

जुन्या बाजारात, कालव्याकाठच्या फिंगच्यांग रस्त्यावर, वीस मिनिटं मोकळी होती. मोकळा वेळ दिला की एक माणूस हरवतो, हा टूर मॅनेजरांचा अनुभव. डोकी मोजली, एक कमी. कमी असलेले काका एका खात्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क म्हणून लागले आणि अप्पर डिव्हिजन क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. भांडण नाही, तक्रार नाही, सहलीत कधी आवाज नाही. त्यामुळे ते नाहीत, हे कळायलाच दहा मिनिटं लागली.

शोध सुरू झाला. गर्दीत एके ठिकाणी मोठं कोंडाळं जमलं होतं आणि मध्ये कोणी मिंग काळातला अधिकारी उभा होता. लाल पायघोळ झगा, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर काळी टोपी, तिला दोन्ही बाजूंना सपाट पंख. या रस्त्यावर जुने पोशाख भाड्याने मिळतात. चिनी मुली ते घालून दिवसभर कालव्याकाठी फोटो काढतात. अधिकाऱ्याच्या छातीवर भरतकामाचा चौकोन होता आणि त्यात करकोचा. मिंग दरबारात मुलकी अधिकाऱ्याचा दर्जा छातीवरच्या पक्ष्यावरून ओळखायचा, आणि करकोचा म्हणजे पहिला दर्जा. त्याच्या वर कोणी नाही.

तीन वेळा ग्रुप त्या अधिकाऱ्यासमोरून गेला. चौथ्यांदा काकूंनी झग्याखालचे बूट ओळखले.

"अहो!"

"थांब गं," अधिकारी म्हणाले. "अजून अकरा मिनिटं आहेत. तासाचं भाडं भरलंय." आणि त्यांनी पुढच्या चिनी कुटुंबाला शेजारी उभं राहायला खुणावलं. असा खूण करणारा हात त्यांनी उभ्या नोकरीत फक्त समोरच्या केबिनमध्ये पाहिला होता. नातवंडं पुढे, म्हातारे मध्ये, असं ते सर्वांना लावून घेत होते. एका चिनी आजोबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला.

हॉटस्पॉटचा नियम त्या दिवशी ताईंनी स्वतः मोडला. करकोच्याचे चार फोटो 'सेक्टर ७ परिवार'वर गेले. पाच मिनिटांत उत्तरं आली. "हार्दिक अभिनंदन सर!" "प्रमोशन कधीपासून लागू?" "एरियर्स मिळणार का?" "पे फिक्सेशन करून घ्या, नंतर त्रास होतो." आणि एक जण, जो ग्रुपवर काहीही पूर्ण वाचत नाही: "भावपूर्ण श्रद्धांजली."

रेशीम केंद्र हा कार्यक्रमपत्रिकेतला सगळ्यात लांब थांबा. बागेला पन्नास मिनिटं, बाजाराला वीस, इथे दीड तास. कारण विचारायचं नसतं. तरी जे दाखवतात ते पाहण्यासारखं आहे. एका मुलीने गरम पाण्यातून भिजलेला कोश काढला, बोटांनी फोडून आतला मेलेला किडा बाजूला केला आणि कोश लाकडी कमानीवर मोज्यासारखा चढवला. असे थरावर थर. मग चौघींनी चार टोकं धरून तो ओढला आणि बघता बघता पलंगभर पांढरी जाळी पसरली. रजईसाठी लागतात ते जुळे कोश, हेही तिने सांगितलं. दोन किडे एकाच कोशात शिरले की त्यांचे धागे एकमेकांत गुंततात, सरळ धागा निघतच नाही, विणायला तो बाद. म्हणून त्याची रजई.

"बघा," एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "वन बीएचकेत दोन संसार."

मुंबईत रजई लागत नाही, हे सर्वांना मान्य होतं. येवल्याच्या पैठणीपुढे इथलं कापड फिकं आहे, यावरही एकमत झालं. त्यानंतर नऊ रजया विकल्या गेल्या. भाव कॅल्क्युलेटरवर ठरला. दुकानदारीण आकडा टाइप करी, काकू तो पुसून निम्मा टाइप करत. कोणाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, पण क्रॉफर्ड मार्केटमध्ये चालतं ते सगळं झालं: अपमान, मनधरणी, दारापर्यंत जाऊन परत येणं. हवा काढून रजयांच्या विटा झाल्या तेव्हा कस्टम्सच्या भाऊंनी विमानाच्या २३ किलोंची आठवण करून दिली. कोणाच्या नवऱ्याचे कुठले कपडे शांघायला सोडायचे, हे तिथेच ठरलं.

व्याघ्रटेकडीवरचा मनोरा ठरल्याप्रमाणे बाहेरून, म्हणजे चालत्या बसच्या डाव्या खिडकीतून दिसला. ९६१ मध्ये पूर्ण झालेला हा सात मजली मनोरा ४७ मीटर उंच आहे, आणि पाया खचल्यामुळे त्याचं टोक दोन मीटरहून अधिक कललेलं आहे. "हे हजार वर्षं उभं आहे?" परळला बालपण गेलेल्या एका काकूंनी विचारलं. त्यांच्या चाळीला धोकादायक इमारतीची पहिली नोटीस त्यांच्या बारशाच्या सुमारास लागली होती. "मग बरोबर. नोटिशीने इमारत पडत नाही." उजव्या खिडकीवाल्यांना मनोरा दिसलाच नाही. त्यांना तो ताईंनी नंतर फोटोत दाखवला.

परतीच्या गाडीत सोलापूरचे काका शेजारच्या वृद्ध चिनी गृहस्थांना बराच वेळ "कोटणीस, कोटणीस" म्हणून पाहत होते. गृहस्थ विनयाने हसत होते. शेवटी ताईंनी हॉटस्पॉट दिला, काकांनी फोटो शोधून पुढे धरला, आणि ते गृहस्थ एकदम सरसावून बसले. "के तीहुआ! के तीहुआ!" चीनमध्ये डॉक्टरांना त्या नावाने ओळखतात. पुढची पंचवीस मिनिटं दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत जोरजोरात बोलत होते आणि थेपले खात होते. या खेपेला थेपले वेळेत उघडले होते. त्यावर म्हाताऱ्यांनी स्टेशनवर भरून घेतलेलं वाफाळतं पाणी काकांना दिलं. चीनमध्ये स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे उकळतं पाणी फुकट मिळतं. जेवणावर गरम पाणी पिणारे काका आजवर घरात एकटेच होते.

रात्रीचं जेवण शांघायच्या एका भारतीय हॉटेलात. वेटर गढवालचा. मेन्यूकार्डाच्या तिसऱ्या पानावर, दाल फ्राय आणि पनीर टिक्क्याच्या मध्ये, व्हेज मंचुरियन होतं. मंचुरियन हा पदार्थ मुंबईतच, १९७५ मध्ये, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी जन्माला घातला असं सांगतात. चिनी माणसाने तो पाहिलेला नसतो. पाच दिवस खऱ्या चीनमध्ये काढलेल्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिन्ही टेबलांवरून एकदमच हाका गेल्या.

"ड्राय या ग्रेव्ही?" वेटरने विचारलं.

टपालातले काका उठून उभे राहिले. असे प्रश्न आवाजी मतदानाने सोडवायचे नसतात, असं म्हणून त्यांनी हात वर करायला सांगितले, ताईंनी मोजणी केली, कस्टम्सच्या भाऊंनी फेरमोजणी मागितली. अकरा विरुद्ध नऊने ग्रेव्ही आली. पहिल्या दर्जाचे अधिकारी तटस्थ राहिले. त्यांनी पनीर टिक्का मागवला होता.